न राखलेलं मागचं दार : गॅरी हार्ट प्रकरण, मे १९८७

गॅरी हार्ट यांचं नाव निघालं की लोकांना एक छायाचित्र आठवतं. धक्क्यावर बसलेला अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा उमेदवार, अंगात ‘मंकी बिझनेस क्रू’ असं छापलेला टी-शर्ट आणि मांडीवर एक तरुणी. या छायाचित्राने हार्ट बुडाले, असं अमेरिकेतसुद्धा सर्रास सांगितलं जातं. पण हार्ट यांनी माघार घेतली ८ मे १९८७ला, आणि ‘नॅशनल एन्क्वायरर’ या साप्ताहिकाने ते छायाचित्र छापलं २ जूनच्या अंकात. दुसरी आठवण त्यांच्या आव्हानाची. ‘माझ्या मागे लागा, कंटाळून जाल’ असं ते म्हणाले, म्हणून पत्रकार मागे लागले, ही ती आठवण. तीही उलटी आहे. ते वाक्य छापून आलं त्याच सकाळी, त्यांच्या घरावर ‘मायामी हेरल्ड’ने ठेवलेल्या पाळतीची बातमीही छापून आली होती.

हा क्रम आधी सरळ करून घ्यायला हवा. पुरावा आला, लोकांनी तो पाहिला आणि नेत्याला नाकारलं, असं काही या प्रकरणात घडलं नाही. बातमी छापल्यापासून माघारीपर्यंत पाच दिवस गेले, आणि त्या पाच दिवसांत एकाही मतदाराने मत दिलं नव्हतं. पहिल्या मतदानाला अजून नऊ महिने होते.

हार्ट हे कोलोरॅडोचे माजी सिनेटर. १९७२मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार मॅकगव्हर्न यांच्या मोहिमेचे व्यवस्थापक, १९७५ ते १९८७ सिनेटमध्ये. १९८४च्या प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्याराज्यांतल्या मतदानात, त्यांनी न्यू हॅम्पशायर जिंकून प्रतिस्पर्धी वॉल्टर माँडेल यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. १३ एप्रिल १९८७ला त्यांनी उमेदवारी जाहीर केली, तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षात त्यांच्या जवळपासही कुणी नव्हतं. कमकुवत बाजू दोन होत्या. १९८४च्या मोहिमेचं दहा लाख डॉलरहून जास्त कर्ज अजून फिटलं नव्हतं, आणि त्यांच्या बाहेरख्यालीपणाची कुजबुज राजधानीत बरीच जुनी होती. पत्नी ली आणि ते दोनदा वेगळे राहून पुन्हा एकत्र आले होते. उमेदवारीनंतर आठवडाभरात ‘न्यूजवीक’ने या कुजबुजीचा उल्लेख छापला आणि ती पहिल्यांदा उजेडात आली.

अशी कुजबुज छापायची नाही, हा अमेरिकी पत्रकारांचा जुना संकेत होता. फ्रँकलिन रूझवेल्ट यांची चाकाची खुर्ची दिसणारी छायाचित्रं वर्षानुवर्षं टाळली गेली. अध्यक्ष जॉन केनेडी यांच्याबद्दल पत्रकारांना जे माहीत होतं, ते त्यांच्या हयातीत कागदावर आलं नाही. हा संकेत हार्ट प्रकरणाने मोडला नाही, तो आधीच खिळखिळा झाला होता. १९६९मध्ये जॉन यांचे भाऊ सिनेटर एडवर्ड केनेडी यांची गाडी चॅपाक्विडिक बेटावरच्या पुलावरून पाण्यात गेली, सोबतची तरुणी बुडून मेली आणि तो खासगी विषय राहिला नाही. १९७४मध्ये प्रतिनिधीगृहाच्या अर्थसमितीचे वजनदार अध्यक्ष विल्बर मिल्स मद्यधुंद अवस्थेत पोलिसांना सापडले, सोबतच्या नर्तकीने तलावात उडी घेतली, आणि काही महिन्यांत त्यांचं अध्यक्षपद गेलं. या सगळ्यावर अध्यक्ष निक्सन यांना पायउतार करणाऱ्या वॉटरगेट प्रकरणाचा धडा होता : धोरण पाहून भागत नाही, माणसाचा स्वभाव पाहावा लागतो.

याहून खोल कारण मात्र पक्षव्यवस्थेत होतं, आणि त्याची चर्चा कमी होते. १९६८पर्यंत उमेदवार ठरवायचे ते मुख्यतः पक्षाचे ठाणेदार. उमेदवाराची सगळी अंडीपिल्ली त्यांना ठाऊक असत आणि कोणता डाग चालेल, कोणता नाही, याचा हिशेब ते बंद दाराआड करत. १९६८नंतरच्या सुधारणांनी उमेदवारी प्राथमिक निवडणुकांच्या हाती दिली. लोकशाहीच्या दृष्टीने ते योग्यच झालं. पण पारखण्याचं ते काम कुणीतरी करायला हवं होतं, ते पत्रकारांनी उचललं आणि त्याला ‘चारित्र्याचा प्रश्न’ असं नाव पडलं. ठाणेदार पारखत तेव्हा उमेदवाराचे गुण आणि दोष एकाच तराजूत पडत. वर्तमानपत्राच्या बातमीला तराजू नसतो. तिला मथळा असतो.

आता तो आठवडा.

सोमवारी, २७ एप्रिलला ‘मायामी हेरल्ड’चे राजकीय संपादक टॉम फीडलर यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. पुराव्याशिवाय अशा अफवा छापणं कितपत रास्त, हा त्याचा विषय. तो लेख वाचूनच त्या संध्याकाळी एका स्त्रीचा फोन आला. तिने नाव सांगितलं नाही. आपल्या मैत्रिणीचे हार्ट यांच्याशी संबंध आहेत, एका नौकेवर त्यांची ओळख वाढली, आपल्याकडे छायाचित्रं आहेत आणि येत्या शुक्रवारी मैत्रीण वॉशिंग्टनला त्यांच्याकडे जाणार आहे, असं ती म्हणाली. हार्ट यांनी मैत्रिणीला कोणत्या दिवशी कुठून फोन केले, तेही तिने सांगितलं. फीडलर यांनी ते दिवस आणि गावं हार्ट यांच्या दौऱ्याच्या तक्त्याशी ताडून पाहिली. ती जुळली. शनिवारी हार्ट केंटकी डर्बी या घोड्यांच्या शर्यतीला जाणार होते, तो कार्यक्रमही रद्द झाल्याचं कळलं.

इथवरचं काम चोख आहे. निनावी टीप आली की तिच्यातला तपासता येण्याजोगा भाग वेगळा काढायचा आणि तो अशा कागदाशी ताडायचा जो टीप देणाऱ्याच्या हाती असण्याची शक्यता कमी. फीडलर यांनी तेच केलं. चूक पुढे झाली, आणि ती मनुष्यबळाची होती.

शुक्रवारी, १ मेच्या संध्याकाळी जिम मॅकगी हा शोधपत्रकार एकटा विमानाने वॉशिंग्टनला निघाला. विमानातल्या स्त्रियांकडे तो टीपेत मिळालेल्या वर्णनाच्या नजरेने पाहत होता. रात्री साडेनऊच्या सुमारास वॉशिंग्टनच्या कॅपिटल हिल भागातल्या आपल्या घराच्या पुढच्या दारातून हार्ट बाहेर पडले. सोबतची तरुणी मॅकगीने विमानात पाहिली होती. काही वेळाने दोघं परत आली. त्या घराला पुढे रस्त्यावर एक दार होतं आणि मागे गल्लीत उघडणारं गॅरेज. दोन वाटा, माणसं अपुरी. शनिवारी फीडलर, संपादक, छायाचित्रकार असे सहकारी येऊन मिळाले, पण तोवर महत्त्वाची रात्र उलटली होती. शुक्रवारच्या रात्री दोन्ही वाटांवर सलग नजर नव्हती, हे ‘हेरल्ड’ला पुढे मान्य करावं लागलं.

आणि बातमीचं पहिलंच वाक्य असं होतं, की हार्ट यांनी शुक्रवारची रात्र आणि शनिवारचा बराचसा दिवस मायामीहून आलेल्या एका तरुणीसोबत आपल्या घरात काढला. हार्ट यांचं म्हणणं, ती रात्रीच मागच्या वाटेने निघून मित्राच्या, विल्यम ब्रॉडहर्स्ट यांच्या घरी राहायला गेली. कोण खरं बोलत होतं हा भाग वेगळा. वर्तमानपत्राकडे स्वतःचं वाक्य सिद्ध करण्याइतकं निरीक्षण नव्हतं, एवढं नक्की. ‘शुक्रवारी रात्री एवढ्या वाजता दोघं आत जाताना दिसली, मागच्या दारावर आमचं लक्ष नव्हतं’ असं लिहिलं असतं तर बातमी सपक झाली असती, पण अभेद्य झाली असती. पाळतीच्या बातमीत न पाहिलेले तास पाहिलेल्या तासांइतकेच ठळक छापायचे असतात. ते लपवले की समोरच्याला निसटायला जागा मिळते, आणि मूळ प्रश्न बाजूला पडून भांडण दारांवर येतं. रविवारी आणि सोमवारी नेमकं तेच झालं.

शनिवारी रात्री पावणेनऊच्या आसपास हार्ट तरुणीसह मागून बाहेर आले. आपल्यावर नजर आहे हे त्यांच्या लक्षात आलं. ती आत गेली, ते एकटे गल्लीत आले आणि पत्रकारांनी त्यांना तिथेच गाठलं. आपला तिच्याशी तसा संबंध नाही, एवढं सांगून त्यांनी बाकीची उत्तरं टाळली. रविवारची आवृत्ती छापायला जायला काही तासच उरले होते. त्या घाईत बातमी गेली, ‘मायामीच्या स्त्रीशी हार्ट यांचा संबंध’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली, पहिल्या पानावर. पहिल्या बातमीत तिचं नावही नव्हतं. ब्रॉडहर्स्ट त्या रात्री पत्रकारांशी संपर्क साधून खुलासा द्यायच्या प्रयत्नात होते. एक दिवस थांबलं असतं तर नाव, खुलासा आणि त्यातली विसंगती तिन्ही हाती आली असती. आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत महाग निर्णय हाच होता. दुसरं कुठलंही वर्तमानपत्र या बातमीच्या मागावर नसताना तो घेतला गेला.

त्याच रविवारी, ३ मेला ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मासिक पुरवणीत हार्ट यांच्यावरचा मोठा लेख आला, आणि त्यात ते प्रसिद्ध आव्हान होतं. पुरवणी आधी छापून वाटली जाते. फीडलर यांनी तो मजकूर शनिवारी वॉशिंग्टनला येताना वाचला आणि ‘हेरल्ड’च्या बातमीत घातला. वाचकाच्या मनात दोन्ही गोष्टी एकाच सकाळी शेजारी पडल्या आणि त्यांच्यात कारण-परिणामाचं नातं जुळून गेलं. ते नातं ‘हेरल्ड’ला सोयीचंही होतं, कारण पाळत ठेवण्याचा अवघड निर्णय त्यामुळे उमेदवाराच्या आमंत्रणासारखा दिसू लागला.

सोमवारी तरुणी, डोना राइस, मायामीत पत्रकारांसमोर आली. काही गैर झालं नाही, असं तिने सांगितलं आणि त्याच बोलण्यात मार्चअखेरच्या बिमिनी सफरीचा उल्लेख केला : हार्ट, ब्रॉडहर्स्ट, ती आणि एक मैत्रीण, बहामाजच्या त्या बेटावर एक रात्र मुक्काम, नौकेचं नाव ‘मंकी बिझनेस’. इंग्रजीत या शब्दांचा अर्थ लबाड उद्योग असाही होतो. त्यानंतर दारांचा वाद कुणी काढला नाही.

मंगळवारी हार्ट न्यूयॉर्कला वृत्तपत्र-मालकांच्या वार्षिक मेळाव्यात बोलले. लोकांचा गैरसमज होईल अशा परिस्थितीत मी स्वतःला नेलं, ती चूक झाली, हे त्यांनी मान्य केलं. पण मी काही अनैतिक केलं का? मुळीच नाही. असा तो युक्तिवाद. यातला ‘अनैतिक’ हा शब्द त्यांनी स्वतः आणला आणि तोच त्यांच्यावर उलटला. बुधवारी, ६ मेला न्यू हॅम्पशायरमध्ये डार्टमथ कॉलेजच्या आवारात पत्रकार परिषद झाली. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे पॉल टेलर यांनी पायरीपायरीने विचारलं. तुम्ही अनैतिक काही केलं नाही असं म्हणालात. व्यभिचार तुम्हाला अनैतिक वाटतो का? हार्ट म्हणाले, हो. मग तुम्ही कधी व्यभिचार केला आहे का? हार्ट म्हणाले, या प्रश्नाचं उत्तर देणं मला बंधनकारक नाही.

हे उत्तर तत्त्वतः बरोबर होतं आणि चोवीस तास उशिरा आलं होतं. मंगळवारच्या भाषणातच ‘माझ्या घराच्या उंबरठ्यापलीकडचं मी बोलणार नाही, माझ्या सार्वजनिक कामाबद्दल काहीही विचारा’ एवढं म्हटलं असतं, तर टेलर यांना पहिली पायरीच मिळाली नसती. खासगीपणाचा हक्क आणि निर्दोषपणाचा दावा एकाच वेळी करता येत नाही. दावा केला की तपासणी ओढवून घेतली. हार्ट यांच्यासारख्या हुशार माणसाला हे कळलं नाही याचं आजही वाईट वाटतं.

त्याच दिवसांत कोलोरॅडोत किट्रेडजवळच्या त्यांच्या घराभोवती वाहिन्यांच्या गाड्यांचा वेढा पडला होता. ही गोष्ट चार वर्षांपूर्वी एवढ्या सहज घडली नसती. सीएनएन १९८०मध्ये सुरू झालं आणि दशकाच्या मध्यापासून स्थानिक वाहिन्यांकडेही उपग्रहामार्फत थेट प्रक्षेपण करणाऱ्या गाड्या येऊ लागल्या. गाडी आणि माणसं तिथवर पाठवली की काही घडो न घडो, तिथून प्रक्षेपण करावंच लागतं. ली हार्ट आजारी होत्या आणि घराबाहेर पडू शकत नव्हत्या. बंद दारासमोर उभा राहून बोलणारा वार्ताहर ही बातमी होऊ शकते, हे त्या आठवड्यात पक्कं झालं.

शेवटचा घाव कुणाला दिसलाच नाही. एका खासगी हेराचा अहवाल ‘पोस्ट’कडे आला होता. त्यात वॉशिंग्टनमधल्या आणखी एका स्त्रीचा उल्लेख होता. बुधवारी रात्री ‘पोस्ट’ने हार्ट यांच्या माध्यम सचिवाला त्याबद्दल विचारलं. हार्ट दौरा सोडून घरी परतले आणि शुक्रवारी डेन्व्हरमध्ये माघार जाहीर केली. ही पद्धत पत्रकाराला शिकारी आणि उमेदवाराला सावज बनवते, असं ते त्या भाषणात म्हणाले. ज्या बातमीने ते गेले, ती तेव्हा छापलीच नव्हती.

आणि लोक? त्या आठवड्यात ‘न्यूजवीक’साठी गॅलप या संस्थेने घेतलेल्या जनमत चाचणीत ६४ टक्के लोकांनी माध्यमांची वागणूक अन्यायाची ठरवली आणि ५३ टक्के म्हणाले की वैवाहिक निष्ठेचा कारभार चालवण्याच्या क्षमतेशी फारसा संबंध नाही. म्हणजे निकाल लोकांच्या मताविरुद्ध लागला. तो लावला देणगीदारांनी, कार्यकर्त्यांनी आणि थकलेल्या उमेदवाराने. कर्ज डोक्यावर असलेल्या मोहिमेत देणग्या आठवडाभर थांबल्या की विमानाचं भाडं द्यायचे वांधे होतात. पत्रकार परिषदेत दुसऱ्या कुठल्याच विषयावर प्रश्न येत नसेल तर दौरा निरर्थक होतो.

अर्थात लोकांची ही उदारता मतपेटीत टिकली असती का, याचंही उत्तर मिळालं. डिसेंबर १९८७मध्ये ‘लोकांनाच ठरवू द्या’ म्हणत हार्ट परत आले. सुरुवातीच्या चाचण्यांत ते पुन्हा सर्वांत पुढे होते. फेब्रुवारीत न्यू हॅम्पशायरमध्ये त्यांना जेमतेम ४ टक्के मतं पडली आणि मार्चमध्ये ते कायमचे बाहेर पडले. पण मे महिन्यातला आघाडीचा उमेदवार आणि डिसेंबरमधला पैसा-संघटना नसलेला उमेदवार यांची तुलना होत नाही. ४ टक्के हा आकडा लोकांच्या नैतिक निवाड्याचा पुरावा म्हणून वापरला जातो, तो त्यासाठी अपुरा आहे.

पाच वर्षांनी बिल क्लिंटन याच वळणावर आले. साप्ताहिकाने पैसे मोजून मिळवलेली विवाहबाह्य संबंधाची कहाणी, न्यू हॅम्पशायर तोंडावर. २६ जानेवारी १९९२ला क्लिंटन पती-पत्नी ‘सिक्स्टी मिनिट्स’ या टीव्ही कार्यक्रमात एकत्र बसले. आपल्यामुळे संसारात दुःख आलं, एवढं बिल यांनी मान्य केलं, तपशील दिला नाही आणि पुढे बोलणार नाही असं सांगितलं. मुख्य म्हणजे मतदान होईपर्यंत ते मैदानात टिकले. न्यू हॅम्पशायरमध्ये दुसरे आले आणि नोव्हेंबरमध्ये अध्यक्षपदी निवडून आले. १९९८ला मोनिका ल्युइन्स्की या तरुणीशी असलेल्या संबंधांच्या प्रकरणात प्रतिनिधीगृहाने १९ डिसेंबरला महाभियोग मंजूर केला, तेव्हा गॅलपच्या चाचणीत त्यांच्या कारभाराला ७३ टक्के पसंती होती. त्याच दिवशी सभापतिपदासाठी निवडलेले रिपब्लिकन नेते बॉब लिव्हिंग्स्टन यांनी स्वतःच्या विवाहबाह्य संबंधांपायी बाजूला होत असल्याचं सभागृहात जाहीर केलं.

पण ही सरळ सहिष्णुतेकडे जाणारी वाट नाही. २०११मध्ये ‘खासगी आयुष्यात अनैतिक वागणारा नेता सार्वजनिक काम नीट करू शकतो’ असं मानणारे अमेरिकी ४४ टक्के होते, २०१६मध्ये ६१. हीच टक्केवारी गोऱ्या इव्हँजेलिकल, म्हणजे कट्टर धार्मिक प्रोटेस्टंट, ख्रिश्चनांमध्ये ३० वरून ७२ वर गेली. पाच वर्षांत एखाद्या समाजाची नीतिकल्पना एवढी बदलत नाही. उमेदवार आपला झाला की मोजपट्टी बदलते. या बदलाचा खरा तोटा पुढे आहे. ऑक्टोबर २०१६मध्ये ट्रम्प यांची ध्वनिचित्रफीत बाहेर आली. तिच्यात स्त्रियांना संमतीविना हात लावण्याची फुशारकी होती. ते खासगी आयुष्य मुळीच नव्हतं, पण ‘नेत्यांचं खासगी काय पाहायचं’ या कंटाळ्याखाली तेही बऱ्याच जणांनी ढकललं. दोन प्रौढांच्या संमतीचा संबंध आणि सत्तेच्या किंवा शरीराच्या जोरावर केलेली बळजबरी यांतली रेघ १९८७मध्येच नीट आखली असती, तर हा गोंधळ इतका सोपा झाला नसता.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण १९७८चं. जगजीवनराम संरक्षणमंत्री असताना त्यांच्या मुलाची एका तरुणीसोबतची खासगी छायाचित्रं मनेका गांधी यांच्या संपादनाखालच्या ‘सूर्या’ मासिकाने छापली. छायाचित्रांत मंत्री नव्हते, त्यांच्या कामाचा संबंध नव्हता, तरी पंतप्रधानपदाच्या शर्यतीत त्यांना त्याचा फटका बसला. त्या तरुणीचं काय झालं, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. आज मराठी बातमीदाराने असं काही हाती आल्यावर दोन निकाल समोर ठेवावेत. १९९४च्या राजगोपाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक कागदपत्रांतला मजकूर आणि अधिकारपदावरच्या व्यक्तीचं पदाच्या कामाशी जोडलेलं वर्तन छापायची मोकळीक दिली, पण वैवाहिक, कौटुंबिक बाबी संमतीविना छापण्यापासून संरक्षणही दिलं. २०१७मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवलं. म्हणून पहिला प्रश्न ‘हे खरं आहे का’ एवढाच ठेवून भागत नाही. सरकारी पैसा, बदली-बढती, कंत्राट, बळजबरी, अल्पवयीन व्यक्ती, किंवा शपथेवर केलेलं खोटं विधान, यांपैकी काय गुंतलं आहे, हे बातमीच्या दुसऱ्या परिच्छेदापर्यंत लिहिता आलं पाहिजे. हार्ट यांच्या बातमीत तो परिच्छेद कधी आलाच नाही.

हार्ट पुढे वॉरन रुडमन यांच्यासोबत राष्ट्रीय सुरक्षेवरच्या आयोगाचे सहअध्यक्ष झाले. अमेरिकेच्या भूमीवर हल्ला होईल, त्यासाठी स्वतंत्र अंतर्गत सुरक्षा यंत्रणा उभारा, असा इशारा त्या आयोगाने २००१च्या सुरुवातीलाच दिला होता. बातमीत त्याला फार जागा मिळाली नाही. गॅरी आणि ली यांचा संसार २०२१मध्ये ली यांच्या निधनापर्यंत टिकला.

डोना राइस तेव्हा २९ वर्षांची होती. जीवशास्त्राची गुणवान पदवीधर, औषध कंपनीची विक्री प्रतिनिधी. बातम्यांत ती ‘मॉडेल’ आणि ‘पार्टी गर्ल’ एवढीच उरली. तिने कुठली निवडणूक लढवली नव्हती, कुठलं पद मागितलं नव्हतं, कुणाला आव्हान दिलं नव्हतं. नोकरी गेली, आणि पुढची सात वर्षं ती जाहीरपणे काही बोलली नाही. १९९४नंतर ती परत दिसली, इंटरनेटवर मुलांना सुरक्षित ठेवण्याचं काम करणाऱ्या संस्थेत.